पडताळणीसाठी पुलाखाली बसलेल्या मावशींना घरी पाठवण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
बेघर साहाय्य अनुदान कक्ष,
तिसरा मजला (लिफ्ट बंद असल्याने अर्ज फाटकावर सादर).

विषय : बेघरपणाच्या पडताळणीपायी घरात राहणारी बाई पुन्हा रस्त्यावर गेल्याबाबत, आणि तिला परत पाठवण्यासाठी आपण स्वतः डेपोजवळच्या पुलाखाली येण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पडताळणीचे पत्र. जावक क्रमांकावरच शिक्का बसल्यामुळे तो वाचता येत नाही. आपल्याकडील प्रतीवर वाचता येत असल्यास येथे लिहून घ्यावा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की, यातील 'सविनय' हा शब्द नमुन्यात आहे म्हणून लिहिला आहे. अर्जदाराच्या मनात सध्या विनय नाही, राग आहे, आणि तो झाकून लिहायची कला तिला अवगत नाही. तरीही अर्ज नियमाप्रमाणे, परिच्छेदांना क्रमांक घालून, समास सोडून लिहिला आहे. समासात आपल्याला शेरा मारायला सोपे जाईल.

१. अर्जदार ही निवृत्त बस कंडक्टर आहे. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी करून देणे हे नोकरीत तिचे काम होते. रोज एखादा उतारू असा निघायचा की त्याला उतरून जायला जागाच नसायची. तिकीट शेवटपर्यंतचे काढलेले, त्यामुळे त्याला बोलायला तोंड नाही. पण शेवटच्या थांब्यानंतर काय, ते तिकिटावर छापलेले नसते. अशा माणसांना अर्जदाराने पुष्कळ वर्षे गोड बोलून, दंडाला धरून, वेळप्रसंगी आवाज चढवून खाली उतरवले. निवृत्त झाल्यावर तिने एका टायरच्या दुकानावरचे दोन मजले भाड्याने घेतले आणि उलटे काम सुरू केले, म्हणजे माणसे वर चढवायचे. घरमालक टायरवाला भला गृहस्थ आहे. भाडे थकले तर तोंडाने काही म्हणत नाही, फक्त खाली हवा भरायचे यंत्र जरा जास्त वेळ चालू ठेवतो. या घरात नऊ जण राहत होते. आता आठ आहेत, आणि हा अर्ज नवव्या व्यक्तीबद्दल आहे.

२. या घराची, म्हणजेच संस्थेची, कामाची पद्धत सांगणे आवश्यक आहे, कारण ती आपल्या पडताळणी अधिकाऱ्यांना कळलेली नाही. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला 'चला आमच्याकडे' म्हटले तर तो येत नाही. त्याच्याजवळ एक गाठोडे असते. बघणाऱ्याला ते कचरा वाटते, पण त्या माणसाचे घर, दार, कपाट, सगळे तेवढेच असते. ते सोडून तो आंघोळीलाही जात नाही, कारण एकदा तो गेला आणि परत येईपर्यंत कचऱ्याच्या गाडीने ते उचलून नेले, असे प्रत्येकाच्या बाबतीत एकदा तरी झालेले असते. म्हणून संस्था माणसाला आधी बोलावतच नाही, त्याच्या गाठोड्याला बोलावते. लोखंडी कपाटातला एक खण त्याला मिळतो, खणाला कुलूप, आणि किल्ली त्याची. दुसरी किल्ली संस्थेकडे नसते. मग तो माणूस रोज आपले गाठोडे बघायला येतो. खण उघडतो, हात लावून पाहतो, कुलूप घालतो आणि जातो. त्याला कोणी 'बसा' म्हणत नाही, 'राहा' तर मुळीच नाही. चहा उकळत असतो, घ्यायचा तर घ्यावा. असे येता-जाता एखाद्या दिवशी पाहुणा मुक्कामाला राहतो. कोणी महिन्याने राहतो, कोणी वर्षाने, कोणी कधीच नाही. तरी खण त्याचाच असतो. आमचे सर्वांत जुने रहिवासी छत्रीमामा, जे बाजाराच्या कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करतात, ते याला एका वाक्यात सांगतात : "सामान पुढं गेलं की माणूस मागनं जातोच." अर्जदाराने बेघरांच्या प्रश्नावरील आपल्या कक्षाची पुस्तिका वाचली आहे. तिच्यात याहून उपयोगी वाक्य तिला सापडले नाही.

३. आता मावशींबद्दल. मावशी एका लॉंड्रीत उभ्याने इस्त्री करत आणि लॉंड्रीच्याच मागच्या खोलीत राहत. लॉंड्री विकली गेली, नव्या मालकाने यंत्रे ठेवली, मावशी ठेवल्या नाहीत. खोली कामाबरोबर मिळालेली, कामाबरोबर गेली. भाच्याकडे गेल्या, तर भाच्याने बसायला खुर्ची दिली आणि परतीच्या गाडीची वेळही त्याच दमात सांगितली. त्यानंतर त्या डेपोजवळच्या पादचारी पुलाच्या जिन्याखाली राहू लागल्या. गाठोड्यात एक चादर, कपड्यांचे दोन जोड आणि वायर तुटलेली एक इस्त्री. अर्जदाराने त्यांना पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या रस्त्यावर पडलेले वर्तमानपत्र मांडीवर घेऊन तळहाताने त्याच्या सुरकुत्या काढत होत्या. वाचत नव्हत्या. एकेक पान सरळ करायचे, घडी घालायची, बाजूला ठेवायचे.

गाठोडे द्यायला त्या तयार झाल्या, तेच मुळी फार दिवसांनी. पहिल्या दिवशी बघायला आल्या तेव्हा त्यांनी खणातून इस्त्री काढली, उलटी करून निरखली आणि पुन्हा ठेवली. अर्जदाराने ती बदलून टाकली नाही ना, याची खात्री करून घेतली असावी. थंडी सरली, उन्हाळा लागला, मावशी रोज येत होत्या आणि रोज जात होत्या. मग एका दुपारी कपाटाला पाठ टेकून बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. त्या दुपारी सगळे घर चवड्यांवर चालत होते. पेंटर म्हणून आमचा एक रहिवासी आहे, दुकानांच्या पाट्या रंगवतो, आवाज म्हणाल तर नगारा. त्याला शिंक आली, तेव्हा तो जिना उतरून खाली टायरवाल्याकडे गेला, तिथे शिंकला आणि परत वर आला.

त्यानंतर मावशी राहिल्या. पण पलंगावर झोपायच्या त्या चपला घालून. कधी उठून पळावे लागेल याचा नेम नाही, हा हिशेब. छत्रीमामांनी त्यांच्या इस्त्रीला नवी वायर जोडून दिली, आणि मावशींनी घरातले जे म्हणून सपाट होऊ शकते ते सपाट करायला घेतले. पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले, पेंटरच्या रंगाच्या चिंध्याही झाल्या. एका सकाळी त्यांच्या चपला पलंगाखाली शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या दिसल्या. ते पाहून अर्जदार स्वयंपाकघरात जाऊन रडली. सरकारी कागदात लिहायची ही गोष्ट नव्हे. पण आपल्या नमुन्यात 'प्रगतीचा तपशील' असा रकाना आहे, आणि अर्जदाराकडे याहून मोठा तपशील नाही.

४. संस्थेच्या अनुदानासाठी आपले पडताळणी अधिकारी घर पाहायला आले तो दिवस अर्जदारास चांगला आठवतो. सभ्य गृहस्थ आहेत. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. जिना चढून त्यांना धाप लागली, म्हणून पंखा लावून बसवले. मावशींनी त्यांच्याकडे पाहिले आणि म्हटले, "काढा तो कोट." साहेब बिचारे घाबरून कोट काढून बसले. दुसरा कप चहा होईस्तोवर कोट नव्यासारखा होऊन आला. छत्रीमामांनी त्यांच्या छत्रीची निसटलेली काडी बसवून दिली. साहेबांनी पलंग पाहिले, न्हाणीघर पाहिले, कपाट पाहिले, सगळ्यांना हात जोडले आणि गेले. घरात आनंदीआनंद. पेंटर तर म्हणाला की एवढा चांगला साहेब त्याने उभ्या जन्मात पाहिला नाही.

त्यानंतर शेरा आला. तो अर्जदार जसाच्या तसा उतरवते : "ठिकाण स्वच्छ. वातावरण घरगुती. उपस्थित व्यक्ती प्रथमदर्शनी बेघर आढळून येत नाहीत. कपाटात अनुपस्थित व्यक्तींची बेवारस गाठोडी साठवलेली आहेत. सबब अनुदान स्थगित." कोटाची घडी मोडण्याच्या आत हे लिहिले गेले असणार. गाठोडी बेवारस नाहीत, प्रत्येकाची किल्ली कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात आहे. आणि घरात राहणारी माणसे घरातल्यासारखी दिसतात हा दोष असेल, तर तो संस्थेने मोठ्या कष्टाने केलेला आहे आणि पुन्हा करणार आहे.

५. शेऱ्याच्या पाठोपाठ संदर्भातील पत्र आले. त्यात असे म्हटले आहे की, लाभार्थी बेघर असल्याची खातरजमा करता यावी यासाठी त्यांना संस्थेत येण्यापूर्वीच्या मूळ ठिकाणी, स्वतःच्या सामानासह, नेमलेल्या तारखेस कार्यालयीन वेळेत उपस्थित ठेवावे. अन्यथा अनुदान कायमचे बंद होईल. अर्जदाराने पत्र पुन्हा पुन्हा वाचले. आपली काहीतरी चूक होत असेल या समजुतीने चष्मा पुसून वाचले. मग ती आपल्या कार्यालयात आली. या शहरात आजही कितीतरी माणसे उघड्यावर झोपतात, डोळे उघडले की दिसतात, त्यांना शोधायला कोणी जात नाही; आणि जी घरात आली त्यांना बाहेर काढून बघायचे, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे तिने खिडकीतल्या कारकुनास सांगितले. कारकून वयाने तिच्या मुलासारखा. तो शांतपणे म्हणाला, "नियमात बेघर असं लिहिलंय, बाई. घरातला माणूस मी बेघर म्हणून कसा दाखवू?"

अर्जदार म्हणाली, "मग दवाखान्याला औषधं देताना बरे झालेले रोगी पुन्हा आजारी पाडून दाखवता का?"

"ते खातं वेगळं," तो म्हणाला.

अर्जदार हे चेष्टेने लिहीत नाही. खाते खरोखरच वेगळे आहे, तिने चौकशी केली.

६. संस्थेच्या घरात एक रिवाज आहे. रहिवाशांबद्दल कुठूनही कागद आला, तर तो रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. ज्याच्याबद्दल लिहिले ते त्याच्या कानावर गेलेच पाहिजे, कारण या माणसांबद्दल आयुष्यभर दुसऱ्यांनीच लिहिले आहे आणि यांना ते कोणी कधी वाचून दाखवलेले नाही. हा रिवाज अर्जदारानेच घातला आहे. झाल्या प्रकारानंतरही तिला त्याचा पश्चात्ताप नाही, आणि तो मोडण्याचा सल्ला कोणी देऊ नये. तर आपले पत्र वाचले गेले. पेंटरने आपल्या आवाजात 'सामानासह' हा शब्द दोनदा म्हणून दाखवला, सगळे पोट धरून हसले. छत्रीमामा हसले नाहीत. ते म्हणाले, "मी तिथनं एकदा उठलोय. दाखवायला म्हणून पुन्हा बसणार नाही. कळवा त्यांना." सगळ्यांचे तेच मत पडले. त्याप्रमाणे संस्थेने आपल्याला कळवले की एकही माणूस रस्त्यावर उपस्थित ठेवला जाणार नाही, आणि त्या उत्तराची पोच अर्जदाराकडे आहे.

मावशीही हसल्या नव्हत्या. पत्राची घडी मोडलेली होती, ती त्यांनी हाताने सरळ केली आणि विचारले, "म्हणजे मी तिथं दिसले नाही, तर सगळ्यांचंच जाणार?" अर्जदार म्हणाली, काही जात नाही, मी बघते. 'मी बघते' हे मावशींनी जन्मभर पुष्कळांच्या तोंडून ऐकले होते. लॉंड्रीच्या मालकाने म्हटले होते, भाच्यानेही म्हटले होते.

७. नेमलेल्या तारखेस सकाळी मावशी घरात नव्हत्या. टेबलावर सगळ्यांचे कपडे इस्त्री करून, ज्याचे त्याचे वेगळे, रचून ठेवलेले होते. कपाटाचा खण उघडा होता, कुलपाला किल्ली तशीच लटकत होती. हे पाहून अर्जदार तशीच पुलाकडे निघाली. मावशी नुसत्या गेल्या असत्या तर तिने घरभर थट्टा केली असती की मावशी माहेरी गेल्या. पण या घरातला लहानात लहान नियम असा की गाठोडे आत असेल तोवर माणूस आपला आहे. गाठोडे गेले म्हणजे माणूस गेला. आपल्या पत्रातला 'सामानासह' हा शब्द ज्याने लिहिला, त्याला हे ठाऊक असणे शक्य नव्हते. ठाऊक नसताना लिहू नये, एवढेच अर्जदाराचे म्हणणे आहे.

मावशी पुलाच्या जिन्याखाली, आपल्या जुन्या जागी, पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. गाठोडे समोर, केस विंचरलेले, जणू फोटो काढायचा आहे. अर्जदाराला पाहून म्हणाल्या, "साहेब बघून गेले की येते. तुम्ही जा, घरी कामं पडलीत." त्या सकाळी अर्जदार त्यांच्याशी भांडली, हे तिने येथे लिहिणे प्रामाणिकपणाचे होईल. मावशींनी सगळे ऐकून घेतले आणि पुन्हा तेच सांगितले. नऊ जणांचे घर त्यांच्या एका दिवसाच्या बसण्यावर अडले आहे अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि ती समजूत आपल्या पत्राने करून दिलेली होती.

८. त्या दिवशी कोणीही आले नाही. कार्यालयात चौकशी केली तेव्हा कळले की पडताळणी अधिकारी प्रशिक्षणास गेले आहेत आणि नवी तारीख यथावकाश कळवली जाईल. संस्थेने नकार कळवलेला असल्याने कोणी जाण्याचे कारणही नव्हते, असे कारकुनाने वर सांगितले, आणि हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. अर्जदाराने मावशींना ते जसेच्या तसे सांगितले. मावशी म्हणाल्या, तारीख कळवतील आणि मी इथे सापडले नाही तर? अर्जदार म्हणाली, निदान गाठोडे तरी द्या, मी घरी नेऊन ठेवते, तर त्यांनी ते जवळ ओढले. पत्रात सामानासह लिहिले आहे, हे त्यांनी अर्जदारालाच समजावून सांगितले.

तेव्हापासून त्या तिथेच आहेत. घरातले सगळे आळीपाळीने त्यांच्यापाशी जाऊन बसतात, डबा नेतात, गप्पा मारतात. छत्रीमामांनी आपले दुकान बाजारातून उचलून पुलाखाली आणले आहे. त्यांचे गिऱ्हाईक मोडले, पण त्यांना विचारायची सोय नाही. आपल्या कक्षाची पांढरी गाडी सकाळी कार्यालयाकडे आणि संध्याकाळी परत अशी त्या पुलाखालूनच जाते. आपण मागच्या सीटवर डावीकडे बसता. गाडी वळणावर दिसली की मावशी उभ्या राहायच्या, गाठोडे नीट दिसेल असे पुढे सरकवायच्या आणि गाडी निघून गेली की पुन्हा बसायच्या. आपण बहुधा फोनवर बोलत असल्यामुळे हे आपल्या लक्षात आले नसेल. अर्जदाराने एकदा गाडीमागे पळून पाहिले. कंडक्टरने गाडीमागे धावावे, हा तिच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग.

९. उपाय केले नाहीत असे नाही. पेंटरने घरमालकाचा चष्मा लावला, स्वतःचा ठेवणीतला सदरा घातला, हातात फाईल घेतली आणि साहेब होऊन पुलाखाली गेला. आवाज खाली आणून त्याने पडताळणी पूर्ण झाल्याचे जाहीरही केले. मावशींनी त्याच्या कॉलरकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हा सदरा मीच इस्त्री केलाय, पेंटर. घरी जा, ऊन लागेल." पेंटर परत आला, सदरा काढून फेकला आणि गच्चीवर जाऊन बसला.

खरा साहेब असता तर मावशींनी ओळखला असता. त्यांनी त्याचा कोट हाताळलेला आहे.

१०. आता ज्या कारणाने हा अर्ज आजच सादर करावा लागला ते लिहिते. आतापर्यंत मावशी वाट पाहत होत्या. वाट पाहणाऱ्या माणसाची अर्जदारास भीती वाटत नाही, कारण त्याचे अर्धे मन घरीच असते. मावशी घरची चौकशी करायच्या, पडदे मळले का विचारायच्या, पेंटरने सदरा कुठे फेकला असेल यावर बोलायच्या. गेल्या काही दिवसांत हे बोलणे कमी होत गेले. डबा घेतात, झाकण उघडत नाहीत. जिन्याखाली भिंतीच्या आतल्या बाजूला त्यांनी चादर अंथरली आहे, जिथे त्या पूर्वी झोपायच्या तिथेच. चपला पायात असतात. परवा त्यांनी रस्त्यावरचे वर्तमानपत्र उचलले आणि मांडीवर घेऊन तळहाताने सारखे करू लागल्या.

काल संध्याकाळी आपली गाडी पुलाखालून गेली. अर्जदार आणि छत्रीमामा तिथे होते. मावशी उठल्या नाहीत. छत्रीमामा म्हणाले, "मावशी, गाडी आली." मावशींनी गाडीकडे पाहिले, जशी कोणतीही गाडी बघावी तशी, आणि परत वर्तमानपत्राकडे वळल्या.

अर्जदाराने आयुष्यात पुष्कळ माणसे शेवटच्या थांब्यावर उतरवली आहेत, पण इतकी ती कधी घाबरली नव्हती. महोदय, मावशी तिथे आता पडताळणीसाठी बसलेल्या नाहीत. त्या तिथे राहायला लागल्या आहेत. अजून थोडे दिवस असेच गेले तर त्यांना उठवणारे वाक्य कोणाकडेच उरणार नाही, आपल्याकडेही नाही.

११. नियमाच्या दृष्टीने पाहता संस्थेकडे आज एक संपूर्ण पात्र लाभार्थी आहे. ती मूळ ठिकाणी आहे, सामानासह आहे, कार्यालयीन वेळेत उपस्थित आहे आणि कोणत्याही बाजूने घरगुती वाटत नाही. आपल्या कक्षाने यंदा किती माणसे रस्त्यावरून उठवली ते अर्जदारास माहीत नाही. एक बसवली, हे तिने डोळ्यांनी पाहिले आहे. त्याबद्दल आपल्या वार्षिक अहवालात जो रकाना असेल तो भरून घ्यावा.

१२. अर्जदाराची मागणी पैशांची नाही. मूळ अर्ज अनुदानाचा होता हे तिला मान्य आहे, आणि अनुदानाविना भाडे, औषधे, स्वयंपाक हे सगळे कसे निभावायचे याचे उत्तर तिच्याकडे नाही. घर सुरू केले तेव्हाही नव्हते. आपल्याला अनुदान द्यायचे असेल तर नियमाने द्यावे, नसेल तर नियमाने नाकारावे, त्यासाठी संस्था पुन्हा जिना चढणार नाही. भीक नको पण कुत्रा आवर, अशी आमच्यात म्हण आहे. आपण ती ऐकलेली असेल. यात कुत्रा कोण हे अर्जदार लिहीत नाही, तेवढा विनय तिच्यात शिल्लक आहे.

मागणी एवढीच आहे की आज हा अर्ज वाचताच गाडी मागे फिरवून पुलाखाली थांबवावी, आपण स्वतः खाली उतरावे, जिन्याखाली वाकून जावे (उंच माणसाने डोके सांभाळावे), आणि मावशींच्या समोर बसून म्हणावे : "मी बघितलं तुम्हाला. आता घरी जा." शिक्का नको, सही नको, जावक क्रमांकही नको. उभ्याने म्हणू नये, कारण उभा माणूस हाकलायला आला आहे असे तिथे राहणाऱ्यांना वाटते. त्या लगेच उठल्या नाहीत तर थोडा वेळ तसेच बसावे. त्यांच्या हातातले वर्तमानपत्र ओढून घेऊ नये. गाठोड्याला आपण हात लावू नये, ते मावशी स्वतः उचलतील, किंवा उचलायला कोणाला सांगायचे ते त्या ठरवतील. वजन बरेच आहे, आत इस्त्री आहे.

१३. आपण न आल्यास काय, हा प्रश्न आपल्या मनात येईल. न आल्यास संस्था कोर्टात जाणार नाही, उपोषण करणार नाही, वर्तमानपत्रात देणार नाही. अर्जदार आपली गादी आणि स्टोव्ह घेऊन पुलाखाली राहायला जाईल. बाकीचे आठही जण येतो म्हणत आहेत, पण त्यांना तिने सक्त मनाई केली आहे. त्यांची गाठोडी कपाटातून हलणार नाहीत, आपल्यासाठी नाहीत आणि मावशींसाठीही नाहीत. अर्जदाराचे तसे नाही. तिने माणसे रस्त्यावरून घरात आणली ती त्यांच्याशेजारी बसून, आणि एकदा जमले ते पुन्हा जमेल, मग त्याला उरलेले सगळे आयुष्य लागले तरी हरकत नाही. फक्त मावशींचे वय पाहता तेवढे आयुष्य त्यांच्याकडे आहे का, ही शंका आहे, आणि म्हणून हा अर्ज आहे. मावशींसाठी दार उघडे आहे, खण रिकामा आहे, किल्ली कुलपाला आहे. तो खण दुसऱ्या कोणाला दिला जाणार नाही.

सबब, अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा असे लिहायची प्रथा असली तरी सहानुभूती नको आहे. यावे.

आपली,
(नम्र हा शब्द आज जाणूनबुजून वगळला आहे)

सही
व्यवस्थापिका, निवृत्त बस कंडक्टर,
टायरच्या दुकानावर, पहिला व दुसरा मजला

दिनांक : आजचा. कार्यालय उघडण्यापूर्वी फाटकावर थांबून हातोहात देण्यासाठी.

सोबत : काहीही जोडलेले नाही. मागच्या अर्जाला जोडलेली कागदपत्रे आपल्याकडे आहेत, ती पुन्हा बघण्यात वेळ घालवू नये. जे बघायचे आहे ते पुलाच्या जिन्याखाली, डावीकडे, भिंतीलगत आहे. दुपारनंतर तिथे ऊन येते, तेव्हा मावशी भिंतीकडे तोंड करून आडव्या होतात आणि मग कोणाशी बोलत नाहीत. त्याआधी यावे.